एकमत होईपर्यंत

आमच्या जुन्या पुस्तकांच्या सहकारी दुकानात कुठलीही गोष्ट बहुमताने ठरत नाही. बहुमत म्हणजे जास्त माणसांनी कमी माणसांच्या डोक्यावर बसणं, असं विन्स्लो गेली चाळीस वर्षं सांगत आला आहे. दुकान सुरू झालं तेव्हा सभासद पुष्कळ होते. काही कंटाळून गेले, काही देवाघरी गेले, आता पाच उरलो आहोत. पाच माणसांचं एकमत व्हायला किती वेळ लागतो हे ज्याला पाहायचं असेल त्याने कुठल्याही रविवारी दुपारी व्हरमाँटमधल्या हार्लो फॉल्सला यावं. कॉफी फुकट मिळेल, खुर्चीवर घालायला उशी मात्र स्वतःची आणावी.

पद्धत सोपी आहे. प्रत्येकाकडे तीन कार्डं असतात, हिरवं, पिवळं आणि लाल. हिरवं म्हणजे मान्य. पिवळं म्हणजे मनाला पटत नाही, पण मी आडवा येत नाही. लाल म्हणजे आडवा येतो. एक लाल कार्ड वर गेलं की विषय तिथेच संपला, मग बाकीच्या चौघांनी भिंतीवर डोकं आपटलं तरी उपयोग नाही. विन्स्लोचं लाल कार्ड वापरून वापरून गुलाबी झालं होतं. लोरेनचं अजून छापखान्यातून आल्यासारखं कोरं होतं.

विन्स्लो कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचा. निवृत्त झाला तेव्हा विद्यार्थी सुटले आणि आम्ही सापडलो. मीटिंग चालवते मेरिडिथ. पूर्वी ती नवरा-बायकोची भांडणं मिटवायचं काम करायची, त्यातली किती मिटली ते आम्ही कधी विचारलं नाही. आवाज चढले की ती पितळी वाडग्यावर टोला देते आणि सगळ्यांनी तीन श्वास घ्यायचे असतात. गिल हा पूल बांधणारा इंजिनिअर. त्याला कशाचाही तक्ता करता येतो, म्हणून खजिनदार तो. आणि मी फ्लो. उभी हयात जिल्हा कोर्टात लघुलेखिका होते. साक्षीदार खोकला तरी लिहायचं आणि वकील गप्प बसला तरी तो गप्प बसला असं लिहायचं, ही सवय हाडात भिनलेली. त्यामुळे मीटिंगचं इतिवृत्त माझ्याकडे आलं. दर मीटिंगनंतर मी त्याच्या पाच प्रती छापून आणायची. त्या पाचही प्रती काउंटरखालच्या खोक्यात जायच्या आणि तिथेच राहायच्या. कोणी एक ओळ वाचली असेल तर शपथ. मी तसं बोलून दाखवलं नाही, पण मला ते लागायचं.

राहिली लोरेन. दुकान खरं म्हणजे तीच चालवते. आमच्यात पगार तिला एकटीला, आणि पगार म्हणावा असा नसल्यामुळे वरच्या दोन खोल्या तिला राहायला दिलेल्या. साठीची, काटकुळी बाई, तोंडाने फटकळ. पत्ते खेळायला बसली की अख्ख्या तालुक्याला लोळवते, कारण हातात राजा आहे की दुर्री हे तिच्या चेहऱ्यावरून तिच्या आईलाही कळलं नसतं. मीटिंगमध्ये ती कोपऱ्यात विणत बसायची, बोलायची नाही आणि प्रत्येक गोष्टीला हिरवं कार्ड दाखवायची.

आमचं दुकान नदीकाठच्या जुन्या लोणी कारखान्यात आहे. इमारतीचा म्हातारा मालक वारला आणि बोस्टनहून त्याचा मुलगा आला. त्याने इकडेतिकडे हिंडून विटा थोपटून पाहिल्या आणि सांगितलं की करार संपेल त्या ऑक्टोबरापासून भाडं दुप्पट. जमत नसेल तर हरकत नाही, त्याच्या मित्राला तिथे बिअर गाळायची आहे. आमच्याकडे गिऱ्हाईक येतं ते झाडांची लाल झालेली पानं पाहायला प्रवासी येतात तेव्हाचे तीन आठवडे, आणि तेसुद्धा पुस्तकापेक्षा संडास शोधत जास्त येतं. एवढ्यावर दुप्पट भाडं निघणं शक्य नव्हतं. करार संपायला तेव्हा जवळजवळ दोन वर्षं होती.

त्या संध्याकाळी लोरेनने मला दुकानातल्या चुलीजवळ गाठलं. बाकीचे गेले होते.

"फ्लो, तुम्हा चौघांना घरं आहेत," ती म्हणाली. "दुकान बुडालं तर तुमचा रविवार रिकामा होईल. माझं काय? या वयात मी बहिणीच्या तळघरात जाऊन झोपू? तिच्या नवऱ्याच्या बर्फावरच्या गाडीशेजारी?"

ती रडली वगैरे नाही, चुलीत लाकूड सारलं आणि म्हणाली की पुस्तकं ऑनलाइन विकायला काढावीत, दुसरा मार्ग नाही. पुढच्या रविवारी तिने तो विषय मांडला. पाच वाक्यांत मांडला. माझ्याकडे लिहिलेलं आहे.

सगळ्यांना ते पटलं. पाच हिरवी कार्डं वर गेली आणि मेरिडिथच्या डोळ्यांत पाणी आलं. मग गिल म्हणाला, ठीक आहे, आता कुठल्या प्लॅटफॉर्मवर दुकान उघडायचं ते ठरवू. तिथे घोडं जे पेंड खायला लागलं ते दीड वर्ष खातच राहिलं.

पहिला पर्याय सगळ्यात सोपा होता. महिन्याला ठरावीक पैसे भरा, दुकान उद्यापासून सुरू. गिलने भिंतीवर त्याचा नमुना दाखवला. पुस्तकाच्या चित्राखाली तांबड्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'त्वरा करा, एकच प्रत शिल्लक'. विन्स्लो उठून उभा राहिला. त्याचं म्हणणं असं की जुन्या पुस्तकांच्या दुकानात प्रत्येक पुस्तकाची एकच प्रत असते. म्हणजे आपण आपल्या प्रत्येक पुस्तकाशेजारी उभं राहून वाचकाला भीती घालणार. वाचन ही निवांतपणाची गोष्ट आहे आणि भीतीवर उभा राहिलेला व्यापार त्याला मान्य नाही. गिल म्हणाला, ते वाक्य काढून टाकता येतं. विन्स्लो म्हणाला, वाक्य काढता येईल, वृत्ती कशी काढणार? लाल कार्ड.

दुसरा पर्याय फुकट होता, पण सगळं आपलं आपण जुळवायचं, बिघडलं तर आपणच दुरुस्त करायचं. गिलचे डोळे चमकले. तो म्हणाला की तो रोज दोन तास देईल, आनंदाने देईल. यावर मेरिडिथ आडवी आली. बिनपगारी दोन तास म्हणजे श्रमाचं शोषण, आणि आनंदाने करून घेतलेलं शोषण तर जास्तच वाईट. गिल म्हणाला, माझं शोषण होऊ दे, मला चालेल. मेरिडिथने वाडग्यावर टोला दिला, आम्ही तीन श्वास घेतले आणि तिने लाल कार्ड वर केलं.

तिसरी एक जुन्या पुस्तकांचीच बाजारपेठ होती, सगळ्या देशातले दुकानदार तिथे बसतात. ती जवळजवळ ठरलीच होती. मग विन्स्लोने महिनाभर वाचनालयात बसून खोदून काढलं की तिचा धनी म्हणजे शेवटी ती मोठी कंपनीच. मोठी कंपनी म्हणजे कुठली ते आमच्या दुकानात कोणी नाव घेऊन बोलत नाही. काही घरांत पळून गेलेल्या जावयाबद्दल बोलतात तसं तिच्याबद्दल बोललं जातं. विन्स्लोने लाल कार्ड वर केलं आणि उरलेली सबंध मीटिंग ते खाली घेतलं नाही. लोरेन तेव्हा मोज्याची टाच विणत होती. "खरंच, काय एकेक," एवढं म्हणाली. तेही माझ्याकडे आहे.

चौथा पर्याय मात्र सर्वांच्या मनात भरला. आइसलँडमधली एक मंडळी, त्यांची सगळी यंत्रं जमिनीखालच्या वाफेवर चालत, नफ्यातला वाटा ते पाणपक्ष्यांना देत. विन्स्लोने पिवळं कार्ड दाखवलं, जे त्याच्या हिशेबाने टाळ्या वाजवण्यासारखं होतं. पण त्यांच्या दुकानात डॉलर घ्यायची सोय नव्हती आणि पुस्तकाचं वजन फक्त ग्रॅममध्ये टाकता येत होतं. आयुष्यभर पाउंडात पूल बांधलेल्या गिलने त्या ग्रॅमवर लाल कार्ड दाखवलं. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हे दुकान आता माणसांच्या हातून वाचणार नाही.

मेरिडिथ म्हणाली की घाई नको, प्रश्न थोडा मुरू देऊ या. मुरंब्यासारखा तो दीड वर्ष मुरत राहिला. दर मीटिंगला विन्स्लो त्याचं मसूर सूप आणायचा, ज्यात मसूर शोधावे लागत. दर मीटिंगला कोणीतरी एलरी तिबोडोचं नाव काढायचं. एलरी म्हणजे आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. दुधाचा टँकर चालवायचा तेव्हापासून दर शनिवारी यायचा आणि रेल्वेवरचं काहीतरी घेऊन जायचा. मग बर्फावर घसरून त्याचं कमरेचं हाड मोडलं आणि तो टेकडीवरच्या घरात अडकला. ऑनलाइन गेलो नाही तर एलरीसारख्यांनी काय वाचायचं, असं गिल विचारायचा. एलरीला पडद्याची नाही, माणसाची गरज आहे, असं विन्स्लो सांगायचा. टेकडीवर जाऊन एलरीला भेटून मात्र आमच्यातलं कोणी आलं नाही, मीही नाही. हिवाळ्यात बर्फ असतो आणि एप्रिलमध्ये त्या कच्च्या रस्त्यावर गुडघाभर चिखल.

यात एक चमत्कार घडत होता. गिल दर महिन्याला जमाखर्च वाचायचा आणि दर महिन्याला पोस्टाने जाणाऱ्या पुस्तकांची विक्री वाढलेली असायची. काउंटरवर माशीसुद्धा नाही आणि पोस्टाने मात्र आज टेक्सस, उद्या ओरेगन. लोरेन आठवड्याचा कागद गिलच्या हातात द्यायची, त्यावर 'काउंटर' आणि 'पोस्ट' असे दोन रकाने. आकडे देखणे होते आणि देखण्या आकड्यांना उलटतपासणी करायची गिलची पद्धत नाही. मी कोर्टात असते तर मला वास आला असता. पण मी लिहीत होते, आणि लिहिणारा माणूस ऐकतो सगळं, विचार नंतर करतो.

विन्स्लोने मात्र विचार केला. त्याने आम्हाला समजावून सांगितलं की हे आपल्या नकाराचं फळ आहे. जग धावून धावून दमलं आहे. एका कोपऱ्यात एक दुकान न धावता बसलंय हे लोकांना कळलं आणि ते पत्र लिहून, फोन करून पुस्तकं मागवू लागले. मेरिडिथला ते इतकं पटलं की तिने वाडग्यावर उगाचच एक टोला दिला. मग बर्लिंग्टनच्या वर्तमानपत्राचा माणूस आला. त्याने 'नाही म्हणणारं दुकान' असा लेख लिहिला आणि चुलीशेजारी हनुवटीला हात लावून बसलेल्या विन्स्लोचा फोटो छापला. दोन ठिकाणांहून त्याला भाषणाचं बोलावणं आलं. लोरेनने तो लेख कापून काउंटरमागे चिकटवला आणि म्हणाली, फोटो चांगला आलाय, सूप दिसत नाही.

मी एकदा तिला विचारलं की ऑक्टोबरची तुला काळजी वाटत नाही का. ती म्हणाली, वाटते ना, म्हणून तर विणते. पाहिलं तर त्या हिवाळ्यात तिने आठ-दहा मोजे विणले होते आणि कोणालाच दिले नव्हते.

मे महिन्यात रस्ते वाळले आणि विन्स्लोने सगळ्यात मोठा विषय मांडला. आता चर्चा पुरे. आपण एक जाहीरनामा काढू की कॉमन शेल्फ हे दुकान कधीही, कुठल्याही प्लॅटफॉर्मवर पुस्तकं विकणार नाही. जाहीरनामा चार पानांचा होता आणि त्याने तो उभा राहून वाचला. गिलचा चेहरा उतरला होता, पण पोस्टाचे आकडे त्याच्याच हातात होते, तो काय बोलणार? मेरिडिथने विचारलं, कार्डं? विन्स्लोचं हिरवं. मेरिडिथचं हिरवं. गिलचं पिवळं. मी हात उचलला नव्हता. मला चुलीजवळचं ते बोलणं आठवत होतं आणि मी लोरेनकडे पाहत होते. तिने सुया मांडीवर ठेवल्या होत्या. दीड वर्षात तिला न विणताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. दोन काठ्या टेकत एलरी तिबोडो आत आला. बाहेर त्याच्या शेजाऱ्याचा ट्रक चालू होता. एलरीच्या गळ्यात कोंबड्यांच्या खाद्याची जुनी पिशवी अडकवलेली होती. आम्ही सगळे उठलो. विन्स्लो दोन्ही हात पसरून पुढे गेला आणि म्हणाला, पाहा, माणूस माणसाकडे येतोच.

एलरीने त्याला वळसा घातला, माझ्या समोरच्या खुर्चीवर बसला आणि पिशवीतून कागदांची चवड काढली. कागद चुरगळलेले होते आणि मग इस्त्री केलेले होते. वरच्या ओळीतला माझा टाइप मी ओळखला.

"ते आइसलँडचं पुढे काय झालं?" त्याने विचारलं. "माझ्याकडे सप्टेंबरचं पानच आलं नाही. ऑगस्टात हा विन्स्लो पिवळं कार्ड दाखवतो आणि एकदम ऑक्टोबरात सगळे पाउंडावर भांडतायत. मधे काय झालं ते कळेना म्हणून मी तीन पुस्तकं जास्तीची मागवली, तर तिन्हींत डिसेंबरच निघाला."

कोणाला काही कळलं नाही. मेरिडिथने अगदी हळू आवाजात विचारलं, "एलरी, हे कागद तुम्हाला कुठे मिळाले?"

"खोक्यात. पुस्तकाभोवती कोंबलेले असतात ना, पुस्तक हलू नये म्हणून."

"कसल्या खोक्यात?"

एलरीने त्या मोठ्या कंपनीचं नाव घेतलं. आमच्या दुकानात ते नाव मोठ्याने घेतलं गेल्याची ही पहिली नोंद. भाचीने त्याला गेल्या वर्षी फोनवर मागवायला शिकवलं होतं. विकणाऱ्याच्या जागी हार्लो फॉल्स, व्हरमाँट असं दिसलं, तेव्हा त्याला वाटलं, अरे वा, ठरलं वाटतं यांचं एकदाचं. आता कागद वाचून बघतो तर यांचं अजून ठरतंच आहे.

आम्ही चौघांनी माना वळवल्या. लोरेनने पुन्हा सुया हातात घेतल्या होत्या.

"हो, मीच," ती म्हणाली. "दुसऱ्या मीटिंगच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. अर्धा तास लागला, त्यातला निम्मा पासवर्डात गेला."

"पण कागदावर तू 'पोस्ट' लिहीत होतीस," गिल म्हणाला.

"मग काय घोड्यावरून जातात? पोस्टानेच जातात."

आता माझं सांगते. माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते दुकानाबद्दल नव्हतं, विन्स्लोच्या तत्त्वाबद्दलही नव्हतं. मी शब्द न शब्द टिपून आणलेली, ओळी जुळवलेली इतिवृत्तं हिने चुरगळून पुस्तकांच्या कडेला कोंबली होती, याचा मला राग आला. पण समोर एलरी डिसेंबरचं पान उघडून बसला होता, बोट ठेवून वाचत होता आणि त्याचे खांदे हलत होते. 'मेरिडिथ टोला देतात. सर्व जण श्वास घेतात. विन्स्लो चौथाही घेतात.' हे मी लिहिलं होतं आणि एक माणूस ते वाचून हसत होता. माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही.

विन्स्लो पांढराफटक पडला होता. त्याने सांगितलं की हा विश्वासघात आहे. मला त्याचं वाईट वाटलं, कारण त्याचा आवाज खरोखर कापत होता. तो चाळीस वर्षं जे बोलला ते त्याला खरंच वाटतं, हे त्याच्याबद्दल कोणालाही कबूल करावं लागेल. त्याने प्रस्ताव मांडला की त्या कंपनीवरची विक्री आज, आत्ता बंद. त्याने हिरवं दाखवलं. मेरिडिथने हिरवं दाखवलं, पण खाली बघत. गिल कार्डांशी चाळा करत बसला.

लोरेनने विणकाम पिशवीत ठेवलं, कोरं करकरीत लाल कार्ड काढलं आणि वर धरलं.

चूल तडतडत होती. विन्स्लो त्या कार्डाकडे अशा नजरेने पाहत होता की जणू त्याच्या घरातली वस्तू दुसऱ्याच्या घरात सापडली. मग तो म्हणाला, असं असेल तर लोरेनला सभासदत्वावरून काढण्याचा प्रस्ताव. लोरेनने हात खालीच घेतला नव्हता. विन्स्लो म्हणाला की जिच्याबद्दल निर्णय घ्यायचा तिला त्यात कार्ड दाखवता येणार नाही. मेरिडिथने कपाटातून नियमांची वही आणली आणि वाचून दाखवलं: कोणत्याही सभासदाला त्याच्याविषयीच्या निर्णयातून वगळलं जाणार नाही. हा नियम विन्स्लोनेच घालून घेतला होता. फार पूर्वी त्याने गल्ला मोजायच्या यंत्राला लाल कार्ड दाखवलं होतं, तेव्हा बाकीच्यांनी त्याला काढायचं ठरवलं आणि त्याने याच नियमावर स्वतःला वाचवलं.

"मग नियम बदलू," विन्स्लो म्हणाला. "अशा प्रसंगी बहुमत."

तो शब्द तोंडातून गेला आणि त्याचा त्यालाच ऐकू आला. तो खाली बसला. लोरेनचं कार्ड अजून वरच होतं.

"विन्स्लो, मी तुझ्यावर चिडलेली नाही," ती म्हणाली. "तुम्ही दीड वर्ष बोललात ते माझ्या घराबद्दल बोललात. मी पाच वाक्यं बोलले होते, ती फ्लोच्या कागदात आहेत. त्याच्यानंतर कोणी एकदा तरी विचारलं का, लोरेन, तू ऑक्टोबरात कुठे जाणार आहेस? मला हिरवं कार्ड दाखवायचं होतं म्हणून दाखवलं. कशालाही दाखवलं. काही तरी ठरावं एवढंच मला हवं होतं."

कोणी वाडगा वाजवला नाही. तीन श्वास मात्र बहुतेक सगळ्यांनी घेतले असावेत.

गिल मघापासून फोनमध्ये डोकं खुपसून काहीतरी शोधत होता. त्याला ते पान सापडलं होतं, आमच्या दुकानाचं, गिऱ्हाइकांच्या शेऱ्यांसकट. तो वाचू लागला. ओमाहाच्या एका बाईने लिहिलं होतं की पुस्तक ठीक आहे, पाठीवर डाग आहे, पण आतले कागद फार छान, पुढचे कधी येणार? तुलसाच्या एका गृहस्थाने लिहिलं होतं की मी रेल्वेचं पुस्तक मागवलं, आता माझं अख्खं ऑफिस विचारतंय की गिलला त्याचे दोन तास मिळाले का. एकीने विचारलं होतं की मसूर सूपची कृती मिळेल का, म्हणजे ती कशी टाळायची ते कळेल.

"अशी किती आहेत?" मेरिडिथने विचारलं.

"पुष्कळ आहेत," गिल म्हणाला. मग बोटांवर काहीतरी हिशेब केला आणि हळूच म्हणाला, "ऑक्टोबरचं भाडं निघतंय. पुढच्या वर्षाचंही निघेल."

विन्स्लो बराच वेळ चष्मा पुसत होता. काचा केव्हाच स्वच्छ झाल्या होत्या. शेवटी तो कोणाकडेही न पाहता म्हणाला, "माझ्याबद्दल काही लिहिलंय का?"

गिलने खाली सरकवत सरकवत शोधलं. माँटानातल्या एका शाळामास्तरांचा शेरा होता. गिलने तो सावकाश वाचला. "विन्स्लो या माणसाला मी कधी भेटलेलो नाही. तो चुकतोय असं मला दर वेळी वाटतं. पण त्याच्याशी मनातल्या मनात भांडण्यात माझा हिवाळा बरा गेला. त्याने कधीही मान्य करू नये अशी विनंती."

विन्स्लोने चष्मा चढवला. त्याच्या डोळ्यांत काय होतं ते मला दिसत होतं, पण ते मी लिहिलं नाही. कोर्टात असते तर लिहावं लागलं असतं. मग त्याने जाहीरनाम्याची चार पानं गोळा केली, त्यांची घडी घातली आणि उभा राहिला. त्याने सांगितलं की अधिक विचार करता त्याला असं वाटतं, हा विषय अजून पिकलेला नाही. प्लॅटफॉर्म कोणता असावा हा प्रश्न वरवर वाटतो तितका सोपा नाही. त्याच्या सर्व बाजू तपासल्याशिवाय कोणताही निर्णय घेणं, जाहीरनाम्याचासुद्धा, उतावीळपणाचं ठरेल. तो नेहमीपेक्षा सावकाश बोलत होता आणि प्रत्येक वाक्यानंतर थांबून माझ्या हाताकडे बघत होता, माझं लिहून होतंय ना म्हणून. आणि तोपर्यंत, तो म्हणाला, जे चाललंय ते चालू असावं.

मेरिडिथने विचारलं, कार्डं? विन्स्लोचं हिरवं. मेरिडिथचं हिरवं, गिलचं हिरवं, माझं हिरवं. लोरेनने लाल कार्ड खाली ठेवलं आणि हिरवं उचललं. एलरीकडे कार्ड नव्हतं, त्याने काठी वर केली.

मग सूप वाढलं गेलं. एलरीने ते एक चमचा चाखलं आणि म्हणाला की कागदात वाचलं त्यापेक्षा पातळ आहे. लोरेन उठली, काउंटरखालचं खोकं ओढून आत डोकावली आणि माझ्याकडे वळली.

"फ्लो, पुढच्या वेळेपासून वीस प्रती छाप," ती म्हणाली. "आणि तुम्ही लोक बोलत राहा, थांबू नका. उद्या मला नऊ पुस्तकं पाठवायची आहेत आणि कागद संपत आलाय."